कातळच्या तोंडचा शब्द

१ फेब्रुवारी

दि.नं आमच्या चित्रकथेचं प्रकरण पाठवलं. शेवटून दुसरं. नेहमीसारखं व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यांत, मधेच एका शेळीचा फोटो, कारण नसताना. दुपारी दुकानात लाइट नव्हती म्हणून बसल्या बसल्या वाचून काढलं. चांगलं झालंय. लई चांगलं झालंय, पण त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसतो.

पाच वर्षं हा कातळ कोरड्यांना मारत हिंडतोय. विहिरीच्या विहिरी पिऊन टाकणारे ते कोरडे, आणि त्यांच्या मागावर घोंगडी पांघरून, कोयता घेऊन हा. तोंडावरची रेघ हलत नाही बाबाची. आता या प्रकरणात तो सगळ्यात म्हाताऱ्या कोरड्याला गाठतो, कोयता त्याच्या गळ्याला लावतो आणि थांबतो. का थांबतो, विचारलं. दि. म्हणे, काढायला घे, काढता काढता कळंल.

असलं बोलला की डोकं फिरतं माझं. चित्रं मी काढायची आणि मलाच कळू द्यायचं नाही.

४ फेब्रुवारी

लगीनसराई. दिवसभर पत्रिका. आपल्याकडं पत्रिकेत नावं घालायची हौस एवढी की नवरा-नवरीलाच जागा उरत नाही. आज एकानं वारलेल्या चुलत्याला निमंत्रकांत बसवलं होतं, मी उचलून कै. मध्ये नेऊन ठेवलं. लोक बोलतात तसं लिहून आणतात, मी पुस्तकातल्यासारखं करून देते. ‘समद्यांनी यायचंच’ चं ‘सहकुटुंब उपस्थित राहावे’. हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही.

संध्याकाळी कातळची पानं. म्हातारा कोरडा छान उतरला. दि.नं लिहिलं होतं, सुरकुत्या नकोत, भेगा पाहिजेत, आटलेल्या तळ्यासारख्या. आणि डोळे मायाळू. राक्षसाला मायाळू डोळे कशाला, म्हणून भांडले. पण काढले. काढल्यावर बरोबर वाटले.

रेवा मात्र अजून जमत नाही. पाच वर्षं हातात मशाल घेऊन कातळच्या मागं चालतेय. तिला माझंच नाक दिलंय, समोर आरसा होता म्हणून. दि.नं ओळखलं असेल का, देव जाणे. बोलला नाही कधी.

५ फेब्रुवारी

आई आज सरळच म्हणाली, त्या पोराला एकदा विचार तरी. मी म्हटलं काय विचारायचं. म्हणाली, काय ते तुला म्हाईत. दि. आपल्या घरी दोनदा येऊन गेलाय, आईनं केलेली भाकरी आणि ठेचा मान खाली घालून खाल्ला, ताट स्वतः उचललं. तेवढ्यावर आई खूश.

विचारायचं काय पण. बीडला चित्रकलेच्या कॉलेजात होतो तेव्हापासून रोज बोलतोय आम्ही. तो तिकडं शिरूर कासारला क्लास घेतो, मामाच्या शेळ्यांमागं जातो, मी इकडं आष्टीत झेरॉक्स काढते. रोजचा फोन चुकत नाही. हे ठरल्यासारखंच आहे की. पुस्तक संपलं की तो बोलेल. तो एका वेळी एकच काम करतो.

८ फेब्रुवारी

प्रकरण पुण्याला पाठवलं. पुण्याच्या बाई म्हणजे आमची चित्रकथा ज्या साइटवर येते तिच्या संपादिका, त्यांना आजच पाहिजे होतं. तीन पत्रिका, एक हरकतीचा अर्ज, आणि त्यात हे. अक्षरं बसवताना दि.ची भाषा दोन-तीन ठिकाणी घुसलेली दिसली. घाईत टाइप करतो आणि मग असं होतं. कोरडे आपल्यासारखं बोलतात, हाय-न्हाई, ते ठीक. ती त्याचीच कल्पना. राक्षसांना आपली बोली आणि शिकाऱ्याला पुण्याची, म्हणून सुरुवातीला किती भांडले होते मी. पण एकदा नियम केला की केला. कातळ चौकीत, म्हणजे शिकाऱ्यांच्या शाळेत शिकलेला, तो पहिल्या पानापासून शुद्ध बोलतो. आणि इथं कोयता लावून उभा असताना ह्याच्या तोंडी ‘कावून?’ काढलं. ‘का?’ केलं.

बोलण्याचा फुगा मोठा होता, शब्द लहान झाला. अक्षर मोठं करून भागवलं.

११ फेब्रुवारी

प्रकरण साइटवर आलं. वाचणाऱ्यांचं म्हणणं, कातळला दया आली. कोणी म्हणतं आता म्हातारपण आलं त्याला. एक जण अजून पानं डावीकडून वाचतोय, त्याला वाटलं कातळनं आधी मारलं आणि मग कोयता उचलला. आमची चित्रकथा मांगा, म्हणजे जपानी पद्धतीची, ती उजवीकडून वाचायची असते हे पहिल्या पानावर बाण काढून सांगितलंय, तरी.

संध्याकाळी दि.चा फोन. साइटवरचं वाचलं म्हणाला. कसं वाटलं विचारलं तर म्हणाला, म्हाताऱ्याचे डोळे चांगले काढलेस. मग विचारलं, तू काही बदललंस का? मी म्हटलं, चुका काढल्या, तुझी शेळ्यांमागची भाषा घुसली होती. हसला थोडा. ‘बरं केलंस’ म्हणाला. मग क्लासला जायचंय म्हणून फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी

दि.चा फोन नाही. क्लासच्या पोरांच्या परीक्षा असतील.

१७ फेब्रुवारी

दुपारी अनोळखी नंबर. ‘मी दिगूचा मामा बोलतो, आसाराम.’ इतकं मोकळं बोलणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. माझी, आईची, दुकानाची चौकशी. अवकाळी पाऊस आमच्याकडं पडला का तेही विचारून घेतलं. मग म्हणाले, दिगूचं लगीन काढलंय, आमच्या कोमलशी. घरातल्या घरात.

‘तुमी त्येच्या दोस्त. भिंतीवर नावं तुमीच काढायला पाह्यजेत, ताई. दुसऱ्याच्या हाताची मला न्हाई चालायची. दिगूनी सांगितलंच आसंल तुमाला.’

मी म्हणाले, हो.

दोन्हीला हो. येण्याला पण आणि सांगितल्याला पण.

१८ फेब्रुवारी

दुकान उघडलं. आधार कार्डं, सातबारा, पत्रिकेचं प्रूफ. दि.चा फोन आला. घेतला नाही.

१९ फेब्रुवारी

घेतला नाही.

२१ फेब्रुवारी

आईला सांगितलं. मला वाटलं ती त्याला शिव्या देईल. ती म्हणाली, मामाची पोरगी, मग त्याला ल्हानपणापासून म्हाईत आसणार. आपल्यात मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, हे काय मला माहीत नाही का? माझी स्वतःची मावशी अशीच दिलेली. पण त्याला मामा आहे, मामाला मुलगी आहे, हे माहीत असून मी कधी एकाला एक जोडलं नाही. कोमलचं नाव त्यानं शंभरदा घेतलं असेल. कोमलनं शेळी धरली, कोमल पडली, कोमलला ताप आला. मी म्हणायचे, काळजी घे तिची.

आईचा राग आला मला. खरं बोलली म्हणून.

खूप रडले आज. आई पण रडली, चुलीकडं तोंड करून, मला दिसू नये म्हणून.

२३ फेब्रुवारी

त्याला लिहायला बसले. काय काय लिहायचं ते दिवसभर जुळवलं होतं, एकेक शब्द धार लावून. फोन उघडला आणि वर सरकवत त्यानं पाठवलेल्या प्रकरणापर्यंत गेले. तिथं होतं :

म्हातारा कोरडा : मार की, लेकरा.
कातळ : कावून?

खाली दि.नं कंसात लिहिलं होतं, ‘फक्त एवढंच. मोठा फुगा. मागं काही काढू नकोस.’

मी दुकानाचं शटर ओढून घेतलं.

ती घाई नव्हती. घुसलेली भाषा नव्हती. पाच वर्षं चौकीचं बोललेला माणूस पहिल्यांदा आपल्या घरचं बोलला होता. तो त्यांच्यातलाच आहे. म्हाताऱ्यानं वाढवलेला. म्हणूनच इतक्या वर्षांत त्यानं मारलेला एकही कोरडा मेलेला दाखवायचा नाही, नुसती घोंगडी टाकलेली दाखवायची, हा दि.चा हट्ट. मी म्हणायचे, तुला रक्ताची भीती वाटते. सगळं त्या एका शब्दात उघडं पडणार होतं. आणि मी त्याचं ‘का’ करून टाकलं, पत्रिकेतल्यासारखं.

आणि ते वाचणाऱ्यांसाठी नव्हतं. मला सांगत होता तो. मी वाचीन, दचकून फोन करीन, ‘अरे हा तर त्यांचा माणूस निघाला’ म्हणून, आणि मग तो म्हणणार होता, हो, मी पण मामाचाच माणूस. ‘तू काही बदललंस का?’ म्हणून विचारलं ते हे होतं.

काय माणूस आहे. तोंड दिलंय ना देवानं? राक्षसाच्या आडून सांगायचं?

लिहून ठेवलेलं सगळं खोडलं. ‘भेटायला ये’ एवढंच पाठवलं.

२६ फेब्रुवारी

आला. बसस्टँडसमोरच्या रसवंतीत बसलो, दुसरीकडं जागा नव्हती. तो रस पीत नाही हे विसरले होते. त्याचे आई-बाप ऊस तोडायला जायचे, सहा-सहा महिने, ह्याला मामाकडं ठेवून. उसाचा वास आला तरी याचं तोंड उतरतं. माझ्यासमोरचा ग्लास तसाच राहिला, त्याच्यासमोरचा पण.

दाढी वाढलेली. मी ठरवलं होतं ओरडायचं नाही, आणि ओरडले नाही, पण आवाज माझा मलाच ओळखू येईना. म्हटलं, कधीपासून ठरलंय? म्हणाला, ठरलं असं कधी न्हाईच, होतंच ते. मामानी कोमलच्या आधी मला शाळेत घातलं. एक सायकल होती, ती मला दिली. कोमल चालत जायची, मग जायचीच बंद झाली. मामानी कधी तोंडानं म्हटलं न्हाई की बदल्यात हे कर. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

मी म्हटलं, तू माझ्याशी बोलायचं ना. म्हणाला, प्रकरणात लिहिलं होतं.

मी म्हटलं, मी दुरुस्त केलं ते.

‘हां,’ म्हणाला. राग नाही, काही नाही. कातळच.

मग मी विचारलं. आईनं सांगितलेलं, इतक्या दिवसांत न विचारलेलं. माझ्यासाठी तुझ्या मनात काही होतं का? घुंगरांचा चरक सारखा वाजत होता, मला वाटलं ऐकू गेलं नाही.

‘होतं. हाय. पण मामाला न्हाई म्हणायला माझं तोंड न्हाई, वैशे.’

एवढंच बोलला. असं ‘हाय’ कोणी कोणाला म्हणू नये. नव्हतं म्हणाला असता तर मी त्याला चार शिव्या देऊन घरी आले असते आणि जेवले असते.

उठताना म्हणाला, शेवटचं प्रकरण तू लिही. मला जमंना, मी त्यात बसलोय. मी म्हटलं, मी पण त्यातच बसलेय, मशाल धरून. तेव्हा बघितलं माझ्याकडं. नाकाचं त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

गाडीत बसला. खिडकीतून हात वर केला नाही. मी पण नाही.

१ मार्च

पुण्याच्या बाईंचा फोन. शेवटचं प्रकरण महिनाअखेरीस पाहिजे. वाचणारे विचारतायत, कातळ मारतो की नाही. मी त्यांना ‘का’चं सांगितलं, शब्द बदलून टाका म्हटलं. बदलला लगेच. पण जे वाचून पुढं गेले ते कशाला मागं येतायत. बाई म्हणाल्या, एका शब्दानं एवढं काय होतं? पुण्याला काही होत नसेल.

५ मार्च

शिरूरला जाऊन आले. आई म्हणाली होती जाऊ नको, ताप आलाय म्हणून सांग. पण मी मामांना हो म्हटलं होतं. आणि खरं लिहायचं तर मला ते घर बघायचं होतं.

वस्तीवर पोचले आणि पाय थांबले. कोरड्यांची वस्ती. ती मी पाच वर्षं काढत होते. वाकून जावं लागतं असं दार, दाराशी लिंब, लिंबाखाली शेळ्यांना पाणी पाजायची दगडी दोण, एका कडेला फुटलेली. दि. फोनवर सांगायचा, हे इथं, ते तिथं, आणि मी काढायचे. मला वाटायचं काय सुचतं या माणसाला. कधी न आलेल्या घरात पाण्याचा रांजण कुठं आहे ते मला माहीत होतं. मामी सांगायच्या आधी मी जाऊन पाणी घेतलं.

दि. घरी नव्हता. मुद्दाम नसेल. बरं झालं.

मामांनी भिंत आधीच पांढरी करून ठेवली होती. मामा अंगानं बारीक, वाळके, तोंडावर भेगा आणि त्यात ते मायाळू डोळे. मी दि.शी भांडून काढलेले. मला त्यांचा तिरस्कार करायचा होता. येताना गाडीत तेवढंच ठरवत आले होते. पण ते शिडी धरून उन्हात उभे राहिले, मी पडू नये म्हणून, आणि दिगूच्या लहानपणच्या गोष्टी सांगत राहिले. आई-बाप उसाला गेले की पोरगं ट्रकच्या मागं पळायचं, मग रुसून कोपऱ्यात बसायचं, जेवायचं नाही. मग मामा त्याला राक्षसाची गोष्ट सांगायचे, आणि त्यातला राक्षस कधी मरायचा नाही, नाहीतर पोरगं रडायचं. ‘आता त्येच्या गोष्टी समदं जग वाचतंय म्हनं,’ म्हणाले. माणूस हरखून गेला होता.

गणपती काढला. शुभविवाह लिहिलं. मग चि. दिगंबर. ‘चि. सौ. कां.’ काढताना ‘कां’वरचं टिंब मोठं झालं. ‘कोमल’ मात्र चांगलं आलं. पहिल्या फटक्यात.

कोमल चहा घेऊन आली. बारीक, तरतरीत, बोलायला धीट. सगळी प्रकरणं वाचलीयत तिनं, मामांच्या फोनवर. मामा शेळ्यांकडं गेले तशी शिडीपाशी आली आणि म्हणाली,

‘ताई, ती रेवा पाच वर्सं त्येच्या मागं हिंडतीय. तोंडानं विचारत कावून न्हाई?’

मी ब्रश धुवायला लागले. तिला काही माहीत आहे का, की सहजच विचारलं, मला अजून कळलेलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून तर काहीच कळेना. म्हटलं, तिला वाटतं न विचारताच कळलंय. कोमल म्हणाली, मग येडीच हाय.

आणि मला हसू आलं. त्या भिंतीखाली, त्या पोरीबरोबर, मी खरंच हसले.

निघताना मामींनी कुंकू लावून खण दिला. मामा फाट्यापर्यंत सोडायला आले. ‘तुमचं बी लवकर व्हावं, ताई,’ म्हणाले. ‘तुमच्या भिंतीवर नावं कोण काढंल मग, तुमीच का?’ मी म्हटलं, बघू.

६ मार्च

अंग दुखतंय. दुकान बंद ठेवलं.

१० मार्च

कोरे कागद. कातळनं काय करायचं ते मी ठरवायचंय. आधी वाटलं, मारू दे म्हाताऱ्याला. काढलं पण तसं. एक अख्खं पान, काळं. कातळ कोयता चालवतो आणि रेवाबरोबर निघून जातो, वाचणारे टाळ्या वाजवतील. आईला दाखवलं. तिला यातलं काही कळत नाही, पण ती म्हणाली, ह्या म्हाताऱ्यानं काय केलंय?

काय केलंय. पोरगं वाढवलंय.

फाडलं.

१३ मार्च

कातळ कोयता खाली ठेवतो. म्हाताऱ्याच्या शेजारी बसतो. आता तो पूर्ण पानभर आपल्या बोलीत बोलतो, एवढी वर्षं साठलेलं सगळं. ते लिहायला मला वेळ लागला नाही. मामा शिडी धरून बोलत होते तसं लिहीत गेले. एकही शब्द दुरुस्त केला नाही.

हे खरं आहे. हेच व्हायला पाहिजे. मला हे पटतंय आणि याच्यासारखं वाईट मला आजवर काही वाटलेलं नाही. तो नालायक निघाला असता तर किती सोपं होतं.

१५ मार्च

शेवटचं पान राहिलं. रेवा. वस्तीच्या बाहेर उभी आहे, मशाल घेऊन. तिनं आता वळून निघून जायचंय. पाठमोरी काढायची, एवढंच काम. जमत नाही. पाठमोरी काढते आणि बघते तर मान वळलेली असते. दिवसभर हेच चाललंय.

१८ मार्च

लग्न आज. बारा चाळीसचा मुहूर्त. मी गेले नाही, आई गेली. आपल्या घरचं कोणीतरी पाहिजे म्हणाली, लोक काय म्हणतील. आणि मला माहीत आहे, तिला त्याच्यावर अक्षता टाकायच्या होत्या. तिनंही त्याला जावई म्हणूनच जेवू घातलं होतं.

मी दुकानात. एकजण पत्रिका घेऊन आला, ‘आमच्या हितं’ लिहिलेली. मी ‘आमचे येथे’ केलं नाही. तसंच ठेवलं. तो म्हणाला, ताई चुकलंय का काय हे? लोक हसतील. मग केलं दुरुस्त. त्याच्या लग्नाशी कशाला भांडायचं.

आई संध्याकाळी आली. जेवण चांगलं होतं एवढं सांगितलं. मी विचारलं, तो कसा दिसत होता? ‘गप होता,’ म्हणाली. मग थोड्या वेळानं, मी काही न विचारता, ‘माझ्या पाया पडला. उठना लवकर.’

माझं प्रेम होतं त्याच्यावर. आहे. कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे, म्हणून इथं.

२२ मार्च

पुण्याच्या बाईंना सगळी पानं पाठवली, शेवटचं सोडून. बाई खूश. कातळचं बोलणं वाचून रडल्या म्हणे. शेवटचं पान कधी, विचारतायत.

२५ मार्च

संध्याकाळी दि.चा फोन. लग्नानंतर पहिलाच. बाईंनी पानं त्याला पण पाठवली होती. वाचली म्हणाला. मामांनापण वाचून दाखवली. मामा उठून शेळ्यांकडं गेले, बऱ्याच वेळानं आले. ‘तू बरोबर केलंस,’ म्हणाला. आवाज बसला होता त्याचा.

मग म्हणाला, रेवाचं काय?

मी म्हटलं, ते काढलं नाही अजून. म्हणाला, काय करायचं ठरवलंस? मी म्हटलं, जायला पाहिजे तिनं. तू सांग, जाते का ती? तो गप्प. पूर्वी गप्प असला की मी बोलायचे. आज मी पण थांबले. माझ्यापुरतं मला ऐकायचं होतं तो काय म्हणतो ते.

तेवढ्यात तिकडून कोमलची हाक आली, जेवायला. ‘आलो,’ म्हणाला. फोन बहुतेक तसाच बाजेवर ठेवला, बंद न करता.

मी कानाला लावून बसले. ताटं मांडल्याचे आवाज आले. शेळी ओरडली. मामा काहीतरी म्हणाले, शब्द नीट कळले नाहीत, रांजणाचं काहीतरी. मामी हसल्या, कोमल हसली, आणि मग तो हसला. मोठ्यानं, खळखळून, खोकला येईपर्यंत. इतक्या वर्षांच्या रोजच्या फोनांत हे हसू मी एकदाही ऐकलं नव्हतं.

ऐकत राहिले. मग आईनं दिवा लावला आणि विचारलं, कोणाचा गं फोन. मी म्हटलं, कोणाचा नाही, आणि ठेवला.

पान समोर आहे. रेवाची पाठ झालीय, मशाल झालीय. मान राहिलीय.